'संशोधनात आढळलं' म्हणे! किती आणि कसा विश्वास ठेवायचा?

जुनी वही
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली कारण घरात शीतयुद्ध चालू आहे.

आई ५३ वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. रात्री अंगातून वाफा निघायच्या, उशी भिजायची, झोप नाही म्हणून दिवसभर चिडचिड. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार महिन्यांत बाई माणसात आली. मग तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी फिरत आली, "हार्मोनच्या गोळ्यांमुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, संशोधनात सिद्ध". झालं. कुणाला न सांगता गोळ्या बंद. मला कळलं ते तिच्या उशाखाली पट्टी सापडली तेव्हा. नऊ दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा आणि प्रत्येक फुगवट्यावर बॉलपेनने बारीक फुली. विचारलं तर म्हणते, "शंभरातल्या सव्वीस जणींना होतो गं, वाचलं मी."

मी शोधलं तर ते संशोधन खरंच आहे, कुणी बनवून पाठवलेलं नाही. म्हणूनच अडकले. खोटं असतं तर दोन मिनिटांत निकाल लावला असता. पण छापलेलं, नावाजलेल्या जर्नलमधलं, आणि तरी काहीतरी बिनसतंय असं वाटतं. तुम्ही लोक असं काही वाचलं की कसं ठरवता?

टवाळ
माझी पद्धत शास्त्रीय आहे. जे संशोधन मला हवं तेच सांगतं ते खरं. जास्त झोपा म्हणणारे सगळे पेपर तोंडपाठ आहेत.

साशंक
काही ठरवत नाही, कारण ठरवण्यासारखं काही उरलेलंच नाही. औषध कंपनी पैसे देते, संशोधक पेपर लिहितो, जर्नल छापतं, आपण गोळी गिळतो. उगाच बोलत नाहीये. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्येच एक पेपर आला होता, नैराश्याच्या औषधांच्या ७४ ट्रायल्सचा, म्हणजे माणसांवर घेतलेल्या चाचण्यांचा. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) या सगळ्यांची नोंद होती. त्यातल्या ३८ औषधाच्या बाजूने गेल्या, त्यातली एक सोडून बाकी सगळ्या छापून आल्या. उरलेल्या ३६ बाजूने नव्हत्या किंवा संशयास्पद होत्या, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा शब्दांत छापल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध चाललं! म्हणजे जर्नलं चाळणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के ट्रायल्स यशस्वी दिसणार आणि कपाटातल्या फायली मोजल्या तर जेमतेम निम्म्या. आता सांगा कशावर विश्वास ठेवू.

रात्रपाळी
@जुनी वही, आधी आईंचं बघू, साशंक यांच्याशी भांडायला रात्र पडली आहे (अक्षरशः, ड्युटीवर आहे).

तो २६ टक्क्यांचा आकडा बहुतेक अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या ट्रायलचा, जुलै २००२. १६,६०८ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एकाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. साडेआठ वर्षं चालायची होती, सव्वापाच वर्षांतच थांबवली कारण धोके फायद्यांपेक्षा जड दिसायला लागले. आता आकडे नीट वाचा. दहा हजार बायकांनी एक वर्ष गोळी घेतली तर ३८ जणींना स्तनाचा कॅन्सर, न घेणाऱ्या दहा हजारांत ३०. या ३० चे ३८ झाले, म्हणजे साधारण २६ टक्के वाढ. शंभरातल्या सव्वीस नव्हे, दहा हजारांत वर्षाला आठ जास्त.

आठ म्हणजे शून्य नव्हे हेही लगेच सांगतो. वर्षं वाढली की हिशेबही वाढतो. शिवाय पक्षाघात आठ जास्त, फुप्फुसात गुठळी आठ जास्त. दुसऱ्या पारड्यात खुब्याची फ्रॅक्चर पाच कमी आणि आतड्याचे कॅन्सर सहा कमी. बातमीत यातला एकच आकडा आला, सगळ्यात भीती घालणारा.

आणि अचानक बंद करून गप्प बसण्यापेक्षा ज्यांनी लिहून दिल्या त्यांना फोन करा. इथे माझ्यासारख्या टोपणनावाच्या डॉक्टरवर तर अजिबात विसंबू नका.

ढ विद्यार्थी
थांबा थांबा. म्हणजे बातमी खोटी नव्हती आणि जुनी वहींच्या आई समजल्या तेही खरं नव्हतं? दोन्ही एकाच वेळी? गणितात ३५ मिळवून पास झालेल्या माणसावर दया करा.

रात्रपाळी
अगदी तसंच. लॉटरीचं एक तिकीट घेतलंस नि मग दुसरं घेतलंस तर जिंकायची शक्यता शंभर टक्क्यांनी वाढली. नोकरी सोडशील का?

ढ विद्यार्थी
कळलं. (सोडली असती.)

निमूट
टक्क्यांच्या या खेळाचं एक फार वाईट उदाहरण आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये सरकारी समितीने डॉक्टरांना आणि माध्यमांना कळवलं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! हजारो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. मूळ आकडा काय होता तर सात हजारांत एकीला व्हायची ती सात हजारांत दोघींना. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. आणि गंमत म्हणवत नाही पण गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

मीच ती
बाप रे. हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

साशंक
निमूट, उदाहरण चांगलंय पण ते माझ्याच बाजूचं झालं ना? आकडे देणाऱ्यांना कळत नाही का कुठला आकडा द्यायचा ते. औषधाचा फायदा सांगताना "धोका निम्म्यावर" आणि दुष्परिणाम सांगताना "दहा हजारांत एखादा". फायद्याला टक्के, तोट्याला हजार. एवढं बघायची सवय लावली तरी अर्धी जाहिरातबाजी उघडी पडते.

पीएचडी_कधी
सामाजिक शास्त्रवाले आम्ही इथे तोंड लपवून बसलोय हे लक्षात आलं असेलच 🙈 पण बोलते. तुमच्याकडे निदान मेला की जगला हे तरी मोजता येतं. आम्ही "आत्मविश्वास", "सुख", "विश्वास" मोजतो, एक ते सात आकड्यांवर गोल करून.

२०१५ साली मानसशास्त्रातले शंभर प्रयोग वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून बघितले. मूळ पेपरांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ठळक होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत राहिला. सगळे चोर होते असं नाही. माझंच सांगते. २१४ फॉर्म, रात्री दोन वाजता निकाल आला, इतका देखणा की मी खोलीत नाचले. गाइडना सकाळी सहाला मेल. मग चार दिवसांनी कळलं की प्रश्न क्रमांक ११ उलटा होता, म्हणजे तिथे सात म्हणजे "अजिबात नाही", आणि मी तो सरळ मोजला होता. दुरुस्त केल्यावर निकाल गायब. खरी गोम पुढे आहे. निकाल माझ्या मनाविरुद्ध आला असता तर मी पहिल्या रात्रीच चूक शोधत बसले असते. मनासारखा आला म्हणून चार दिवस शोधलीच नाही, सापडली तीही योगायोगाने. गाइड म्हणाल्या, "वयाचे गट पाडून बघ, कुठेतरी निघेल." कुठेतरी निघेल! या दोन शब्दांवर अख्ख्या विद्याशाखा उभ्या आहेत.

टवाळ
"कुठेतरी निघेल" हे आमच्याकडे हरवलेल्या किल्ल्यांबद्दल म्हणतात.

रात्रपाळी
पीएचडी_कधी, दंडवत. हे जाहीरपणे लिहायला धाडस लागतं. आणि गट पाडण्यावरून माझा सगळ्यात आवडता किस्सा.

१९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आयसिस-२ ही ट्रायल आली. हृदयविकाराच्या झटक्याचे १७,१८७ रुग्ण, साधी अ‍ॅस्पिरिन दिली तर पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास २० टक्क्यांनी कमी. (हो, टक्के. हजारांत सांगायचं तर ११८ ऐवजी ९४. शिकतोय मी पण.) तर संपादकांनी हट्ट धरला की वयाप्रमाणे, अमुकप्रमाणे, तमुकप्रमाणे गट पाडून दाखवा. संशोधकांना ठाऊक होतं की इतके तुकडे केले की नुसत्या योगायोगानेच काहीतरी विचित्र निघणार. म्हणून त्यांनी पहिलाच गट पाडला तो राशींचा! आणि निघालं काय, तर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच, बाकी दहा राशींना मात्र जोरदार फायदा. तो तक्ता खरोखर छापलेला आहे.

मीच ती
हसून हसून पुरेवाट!! मी तूळ. आता झटका आला तर काय करायचं?

टवाळ
तिकडची सूर्यरास असणार. तुमची चंद्ररास बघा, वाचाल.

घड्याळवाला
हसून झालं असेल तर एक गंभीर शंका. हा धागा असा वाचला तर वाटतं की सगळंच झूठ आहे. मग धूम्रपानाचं काय? त्याची तर कुणी चिठ्ठ्या टाकून ट्रायल केली नाही. "तू आजपासून वीस वर्षं ओढ आणि तू ओढू नकोस" असं कुणी सांगितलं नाही. तरी आपण सगळे मानतो की सिगारेटने कॅन्सर होतो. मग हार्मोनला ट्रायलच पाहिजे आणि सिगारेटला नको, हा कुठला न्याय?

साशंक
चांगला प्रश्न. माझं उत्तर, नुसती निरीक्षणं करून काढलेले निष्कर्ष कचऱ्यात टाकावेत. हार्मोनचंच घ्या ना, २००२ च्या आधी वर्षानुवर्षं सांगत होते की त्याने बायकांचं हृदय सुरक्षित राहतं. हजारो नर्सेसचं निरीक्षण केलं होतं अमेरिकेत. मग ट्रायल झाली आणि हृदयाला फायदा सोडा, झटके दहा हजारांत ३० चे ३७ झाले.

रात्रपाळी
कचऱ्यात टाकलंत तर सिगारेटही त्याच डब्यात जाईल, घड्याळवाला तेच म्हणतायत.

डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली, किती ओढता म्हणून, आणि मग पन्नास वर्षं कोण कधी कशाने गेलं याची नोंद ठेवली. ३४,४३९ पुरुष डॉक्टर. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. जास्त ओढणारे जास्त गेले, सोडलेले वाचले, जितक्या लवकर सोडली तितके जास्त वाचले. फुप्फुसाच्या कॅन्सरचा फरक २६ टक्के वगैरे नव्हता, पंधरा-वीस पट होता. इतका फरक "ओढणारे जरा बेफिकीर असतात" अशा कारणाने भरून निघत नाही. हार्मोनचं उलट होतं. फरक थोडा, आणि गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त कमावत्या, जास्त व्यायाम करणाऱ्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. गोळीने हृदय चांगलं राहिलं की मुळात चांगलं हृदय असलेल्यांनीच गोळी घेतली, हे निरीक्षणातून सुटं करता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या.

अजून एक, नर्सेस बहुतेक पाळी जाता जाता गोळ्या सुरू करणाऱ्या होत्या. ट्रायलमधल्या बायकांचं सरासरी वय ६३. तोही फरक आहेच आणि त्यावरून तज्ज्ञ आजही भांडतात. थोडक्यात, साशंक, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे.

साशंक
अर्धं मान्य. बाकीचं अर्धं मी रागाने सोडतोय.

पीएचडी_कधी
आमच्याकडेही हेच. मार्शमेलोचा प्रयोग आठवतोय का, मिठाईचा एक तुकडा लगेच न खाता थांबलं तर दोन मिळतील, आणि जी मुलं थांबली ती पुढे परीक्षेत पुढे. सगळ्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचं भांडवल! मूळची मुलं एका नामांकित विद्यापीठाच्या बालवाडीतली. २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर, साध्यासुध्या घरांतल्याही, पुन्हा तपासलं तर संबंध निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला. घरात दुसरा तुकडा खरंच मिळेल याची ज्या मुलाला खात्री नाही त्याने पहिला का सोडावा? यात संयम कमी की अक्कल जास्त?

ढ विद्यार्थी
मी आजही पहिला खाईन.

निमूट
मी ग्रंथपाल आहे, पेपर वाचून देणं हा माझा धंदा. मूळ प्रश्नाकडे वळून, मी काय बघतो ते सांगतो, क्रम माझ्या लहरीप्रमाणे.

आधी पेपर जिवंत आहे का हे. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन यादी) नाव टाका, मागे घेतलेला असेल तर वर ठळक पट्टी दिसते. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेटमध्ये कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर पेपर आला, ९६ हजार रुग्ण, ६७१ रुग्णालयं म्हणे. डब्ल्यूएचओने त्यावरून आपल्या ट्रायलमधलं हे औषध काही दिवस थांबवलं. दोन आठवड्यांत पेपर मागे, कारण मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर कुणी दाखवेना. बातम्या मात्र कोण मागे घेतो?

मग ट्रायलची नोंद आधी झाली होती का. काय मोजणार ते आधीच जाहीर करून टाकलं की "कुठेतरी निघेल"ची सोय राहत नाही. अमेरिकेत हृदयविकाराच्या मोठ्या सरकारी ट्रायल्सचा हिशेब कुणीतरी मांडलाय. २००० च्या आधीच्या ३० पैकी १७ मध्ये औषधाचा फायदा, आणि नोंदणीचे नियम आल्यानंतरच्या २५ पैकी दोनमध्ये. औषधं एकदम वाईट झाली का? नाही, लपायच्या जागा गेल्या.

आणि गोषवारा वाचून थांबत नाही. गोषवारा म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो. खरं काय ते तिसऱ्या-चौथ्या तक्त्यात असतं. पैसे भरल्याशिवाय पेपर उघडत नसेल तर लेखकाला सरळ मेल करा, बरेचदा पाठवतात, त्यांनाही कुणीतरी वाचतंय याचंच अप्रूप.

घड्याळवाला
स्थळाचा फोटो 😂 पण निमूट, हे सगळं कोण करणार हो? माणसाला नोकरी आहे, घर आहे. विज्ञानाने स्वतःची साफसफाई स्वतः करायला नको का?

निमूट
करतं, पण उशिरा आणि कुणीतरी एकटा चिवट माणूस मागे लागला की. जॉन कार्लाइल नावाचे ब्रिटिश भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी आपल्या वेळात पाच हजारांवर ट्रायल्सचे सुरुवातीचे तक्ते तपासले, दोन गट योगायोगाने इतके सारखे किंवा इतके वेगळे असू शकतात का एवढंच बघत. त्यात स्पेनची प्रेडिमेड नावाची मोठी आहाराची ट्रायल अडकली, ७,४४७ माणसं, २०१३ ची. तपासल्यावर कळलं की एके ठिकाणी एकेका माणसाला चिठ्ठी काढण्याऐवजी अख्ख्या दवाखान्याला एकच आहार देऊन टाकला होता. २०१८ मध्ये पेपर मागे घेऊन नव्याने, जरा सौम्य शब्दांत छापला. लबाडी नव्हती. शेजारच्याला वेगळा आहार का म्हणून लोक कुरकुरत होते, म्हणून तिथल्या संशोधकाने परस्पर सोय केली.

मीच ती
हे वाचून मला त्या संशोधकाबद्दल मायाच वाटली.

जुनी वही
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही त्याचं कारण सांगते.

रात्रपाळी यांचे आकडे घेऊन मी कॉम्प्युटरवर शंभर गुणिले शंभर असे दहा हजार ठिपके काढले आणि दोन कागदांवर छापले. एकावर ३० लाल, एकावर ३८. आईसमोर ठेवले. तिने चष्मा लावून खरंच मोजले हो, पेनाच्या टोकाने, लाल तेवढे. ३८ झाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "या बायका किती वर्षांच्या होत्या?" मी म्हटलं सरासरी ६३. तर म्हणे, "मग माझा कागद कुठेय?"

मला उत्तर देता येईना. मी जरा हिरमुसलेच, इतका खटाटोप केला होता. मग रात्री ती माझ्या खोलीत आली आणि तिने सांगितलं की मोठ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ४६ व्या वर्षी. मला कायम "पोटाच्या आजाराने गेली" असंच सांगितलेलं. डॉक्टरांनी घरात कुणाला आहे का विचारलं होतं, आई "नाही" म्हणाली होती. बातमी आली आणि इतकी वर्षं दाबलेलं वर आलं. सव्वीस टक्के हे तिच्यासाठी आकडा नव्हतंच, मावशी होती.

रात्रपाळी
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. सख्खी बहीण आणि तेही इतक्या कमी वयात, हे ऐकल्यावर आईंच्या डॉक्टरांचा हिशेब बदलू शकतो. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत, तेही विचारा. मी वर दिलेले आकडे त्यांच्यासाठी जसेच्या तसे धरू नका, आणि तोपर्यंत गोळ्या परत सुरू करा असंही मी म्हणणार नाही. लवकरात लवकर जा, आणि मावशींचं वय नक्की सांगा.

साशंक
जुनी वही, वर मी फार तावातावाने लिहिलं. आईंना सांगा त्यांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

जुनी वही
गुरुवारची वेळ मिळाली आहे. दोन्ही कागद ती घेऊन येणार आहे, घडी करून पर्समध्ये ठेवलेत. ग्रुपवर तिने त्या मैत्रिणीला विचारलं, "कितीतल्या किती जणींना?" निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.

वाट_चुकलेला
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, फक्त शीर्षक वाचलं. माझ्या मते संशोधनावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, शेवटी ते लोक शिकलेले असतात.

टवाळ
पीएचडी_कधी, हा घ्या तुमचा २१५ वा फॉर्म.